सुया लपवू नका, हरभरा मात्र राखा

वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एकोणतीस वर्षांच्या शेतकरी तरुणाचं पत्र आलं आहे. घरची सात एकर शेती. कपाशी, तूर आणि विहिरीच्या ओलितावर हरभरा. आई पूर्वी गावातल्या लेकीसुनांचे बाळंतविडे विणायची. तिच्याजवळ बसून हा लहानपणीच सुलट-उलट शिकला. पुढे मोबाइलवर पाहून पाहून रंगीत नक्षीच्या कानटोप्या विणू लागला, आणि आता स्वेटर. हिवाळ्यात रात्री पीक राखायला, जागलीला गेला की मचाणावर डोक्याला बॅटरी बांधून विणतो. सध्या घरात त्याच्या लग्नाचं पाहणं सुरू आहे. दोन ठिकाणांहून निरोप आलाच नाही. तिसरे पाहुणे आले तेव्हा खाटेवर सुयांसकट अर्धा स्वेटर पडलेला होता आणि मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "पोट्ट्याले पाह्यले पाहुणे येऊन रायले, अन् हा स्वेटर इनून रायला!" त्यात एका रात्री टाके मोजण्याच्या नादात रानडुकरांनी हरभऱ्याचा एक कोपरा उकरून टाकला. तेव्हापासून वडील म्हणतात, लग्न जुळेपर्यंत सुया पेटीत टाक, हे बायकांचं काम आहे. आई एवढंच म्हणाली, "बापाले पटत नाही तं राहू दे ना बाबू." तो विचारतो: लपवू, की सोडूनच देऊ? आणि ताजा कलम म्हणून, स्वेटरच्या नक्षीचा भाग आवळून गोळा झाला आहे, तो का?

भाऊ,

तुमच्या पत्रात दोन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत. आधी त्यातलं हरभऱ्याचं वेगळं काढते, कारण त्यात तुमचे वडील बरोबर आहेत.

जागल म्हणजे जागल. रंगीत नक्षीच्या ओळीत दोन धागे सांभाळायचे, आलेखाच्या वहीतले चौकोन मोजायचे, चुकलं तर मागे जायचं. त्यात डोक्यावरची बॅटरी पांढऱ्या लोकरीवर पडली की डोळ्यांना तेवढाच उजेड दिसतो. बांधापलीकडच्या अंधारात काय हललं ते दिसत नाही. रोही असो की डुक्कर, त्यांना तुमचा तेवीसावा टाका संपायची वाट पाहायची नसते. मचाणावर विणायचंच असेल तर बिनडोक्याचं विणकाम न्या. टोपीची पट्टी, दोन सुलट दोन उलट. ते बोटांना आपोआप जमतं, बॅटरी बंद ठेवूनही चालतं, आणि मान वर राहते. नक्षी दुपारी, घरी.

जागलीला शेकोटी असतेच, तिचं एक सांगते, हे वाचणाऱ्या इतर घरांसाठीही. दुकानात लोकर म्हणून जी मिळते त्यातली बरीचशी मेंढीची नसते, ॲक्रिलिक असते. ती स्वस्त असते, धुवायला सोपी असते, तिला कसर लागत नाही. पण ठिणगी पडली तर वितळते आणि कातडीला चिकटते. घरी ओळखायचं तर बोटभर धागा चिमट्यात धरून पेटवून पाहा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहते ती राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. रात्रभर आगटीजवळ बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावर कोणती टोपी असावी, हे त्यावरून ठरवा. खरी लोकर महाग पडते, मान्य आहे. पण एका टोपीला शंभर ग्रॅमच्या आत लोकर लागते, स्वेटरइतकी नाही.

हरभऱ्याचं बोलून झालं. आता सुयांचं.

तुम्ही असं धरून चालला आहात की स्थळं अडली ती विणकामामुळे. पत्र पुन्हा वाचा. पहिल्या दोन ठिकाणच्या लोकांनी तुमचा स्वेटर पाहिलेलाच नव्हता. त्यांचा निरोप का आला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. कोरडवाहू असो की ओलिताची, शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला आज आपल्याकडे लोक कचरतात. सात एकर असलेल्यापेक्षा तालुक्याला बारा हजारांची नोकरी करणारा जावई बरा वाटतो. हे दुखणं कापसाच्या भावाचं, पावसाचं, कर्जाचं आहे. ते मामांच्या हातचं नाही, वडिलांच्या हातचं नाही. सुया मात्र हाताशी आहेत, म्हणून राग तिथे निघतो. तुम्ही उद्या सुया विहिरीत टाकल्या तरी येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न "नोकरी नाही का?" हाच असणार आहे.

मग "बायकांचं काम" हे कुठून आलं? मामांना एक विचारा: मामींचे ब्लाउज कोण शिवतं? बहुधा तालुक्याच्या गावचा टेलर, आणि तो पुरुष निघेल. नागपूर-भंडाऱ्याकडे हातमागावर पिढ्यान् पिढ्या कोष्टी पुरुष बसत आले. लग्नात हजार पानांचा स्वयंपाक करणारा आचारी पुरुषच असतो. त्यांना कोणी हसत नाही. तुमच्याच जिल्ह्यात, पवनारला, विनोबा तासन् तास सूत कातत. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून गांधीजींची नयी तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, पुढे आली, तेव्हा सेवाग्रामच्या शाळेत मुलगे टकळी घेऊनच शिकायला बसत. पुरुषाच्या हातात धागा असणं हे वर्धेकरांना नवीन नाही.

तेव्हा हसू येतं ते धाग्याचं नाही. जे काम बाई घरात बसून, कोणाकडून पैसे न घेता करते, ते पुरुषाने केलं की हसू येतं. टेलर पैसे घेतो म्हणून तो कारागीर. तुमच्या आईने गावातल्या निम्म्या लेकरांना टोपडं-झबलं विणून दिलं, ते मात्र "फावल्या वेळातलं". मामांच्या त्या एका वाक्यात तुमची थट्टा थोडी आहे, आईच्या कामाला कमी लेखणं जास्त आहे. तिने ते ऐकलं. "राहू दे ना बाबू" हे ती वडिलांच्या बाजूने बोलली असं तुम्हाला वाटलं. मला ते घरातलं भांडण मिटवण्यासाठी स्वतःचीच गोष्ट मागे घेणाऱ्या बाईचं बोलणं वाटतं. माझा अंदाज चुकीचाही असेल. तिला एकटीला गाठून विचारा, तिने विणणं कधी थांबवलं आणि का. त्या प्रश्नाला उत्तर मिळालं तर तुमच्या प्रश्नाचंही बरंचसं मिळेल.

जगात एक ठिकाण असं आहे की तिथे न विणणाऱ्या पोराचं लग्न अडावं. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात तितिकाका नावाचं डोंगरावरचं मोठं सरोवर आहे, त्यात ताकिले नावाचं बेट. तिथे टोप्या विणायचं काम पुरुषांचं. पोरं सात-आठ वर्षांची झाली की शिकू लागतात, बारीक सुयांवर, रंगीत नक्षीच्या, तुमच्यासारख्याच कानटोप्या. टोपीचे रंग पाहून माणूस लग्नाचा की बिनलग्नाचा ते कळतं. आणि सांगतात असं की होणारा सासरा पोराने विणलेल्या टोपीत पाणी ओतून पाहतो; गळलं तर पोरगं कच्चं. २००५ साली युनेस्कोने त्या बेटाच्या वस्त्रकलेची दखल घेतली. हे मामांना सांगाच असं नाही. सांगितलंत तर ते त्यावरही एक विनोद करतील, आणि तो कदाचित चांगलाही असेल.

बरं, लपवायचं का?

लपवणं सोपं आहे, हे मी नाकारत नाही. पेटीत टाकल्या सुया, चार-सहा महिन्यांत लग्न झालं, मग काढल्या बाहेर. पण मग काय होतं ते पाहा. नवी नवरी घरात आल्यावर महिन्याभरात माळ्यावर तिला लोकरीची पिशवी सापडते. विणकामाचं तिला काही वाटणार नाही कदाचित. तिला वाटेल ते लपवण्याचं. आणि दुसरी शक्यता, जी मला जास्त खटकते: तुम्ही लपवून अशा घरात लग्न ठरवाल जिथे खरंच हे चालत नाही. मग आयुष्यभर दार लावून विणत बसा. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या स्वयंपाकापासून ते तिच्या चालण्यापर्यंत सगळं पारखलं जातं. तुमच्याबद्दल त्यांना एक खरी गोष्ट कळू द्या.

मात्र खाटेवर स्वेटर पसरून ठेवणं ही काही सांगायची रीत नव्हे. पाहुणे आले की सातबारा बोलतो, पोहे येतात, आणि मग कोणीतरी विचारतंच, छंद काय? बायोडाट्यात तिथे सगळे "वाचन, क्रिकेट" लिहितात, वाचत नसले तरी. तुम्ही "विणकाम" लिहा. एक शब्द. विचारलं तर सांगा: आईकडून शिकलो, हिवाळ्यात टोप्या आणि स्वेटर विणतो, शेतीचं काम आटोपल्यावर. एवढं सांगा आणि थांबा. समर्थन करायला लागलात की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी गडबड आहे. मुलीशी पाच मिनिटं बोलायला मिळाली तर तिलाही विचारा, तिला काय येतं आणि तिला काय करायचं राहून गेलं. पाहताना तुमच्या सुयांचं ऐकून ती हसली तरी लगेच नकार समजू नका. हसण्यात फरक असतो. तुम्हाला तो कळेल.

एक मात्र करू नका. स्थळ पक्कं होण्याआधी मुलीसाठी स्वेटर विणायला बसू नका. परदेशातल्या विणणाऱ्यांत अशी समजूतच आहे की प्रेमाच्या माणसाला स्वेटर विणायला घेतला की तो पुरा होण्याआधी जोडी मोडते. समजूत सोडा, पण दोन-तीन महिन्यांची मेहनत एखाद्याच्या अंगावर टाकली की समोरच्यावर उगाच ओझं येतं. साक्षगंध झाल्यावर टोपी द्या. टोपी आवडली नाही तरी कोणाचं बिघडत नाही.

वडिलांशी बोलताना विणकामाचा विषय काढूच नका, हरभऱ्याचा काढा. "त्या रात्री माझ्याकडून चूक झाली, जागलीला आता नक्षी नेणार नाही" हे सरळ म्हणा आणि तसं वागा. पंपाची थ्री-फेज वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात पंप, पाणी आणि राखण यांतच रात्र जाते. तेव्हा सुया घरीच राहू द्या. वडिलांच्या तोंडी बायकांचं काम आहे, पण रागाच्या मुळाशी खणलेला कोपरा आहे असं मला वाटतं. ते मूळ निघालं की उरलेलं बोलणं बरंच सौम्य होईल. नाही झालं तर? तर तुम्ही एकोणतीस वर्षांचे आहात, शेत तुम्ही राबता, लोकर तुमच्या पैशाची आहे. काही गोष्टी वडिलांना न पटताही घरात राहतात. त्यांनाही तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा म्हणून आईने किती वेळा सांगितलं असेल! (खर्रा माझा अंदाज आहे. विदर्भात हा अंदाज सहसा चुकत नाही.)

"मग विकायला काढ, दोन पैसे तरी येतील," असं तुम्हाला कोणीतरी म्हणेलच. घाईने हो म्हणू नका. दर हिवाळ्यात आपल्याकडे तिबेटी लोक स्वेटर घेऊन बसतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची १९७२ पासूनची वसाहत आहे. त्यांच्याकडचा माल मशीनवरचा. त्या भावाशी हाताच्या विणीची बरोबरी होणार नाही. पाचपन्नास तास घालवून विणलेल्या स्वेटरला कोणी पाचशे रुपये देऊ केले तर तुम्हाला विणकामाचाच वीट येईल. चार ओळखीच्यांनी मागितल्या टोप्या तर लोकरीचे पैसे आगाऊ घ्या, वर मजुरी सांगा, आणि फुकट मागणाऱ्या भावकीला मामांकडे पाठवा.

"४७ डिग्रीच्या मुलखात स्वेटर कशाला" हेही ऐकलं असेल. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, आणि पहाटे कपाशी वेचायला किंवा हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्याला थंडी कोणी शिकवायला नको. पण त्या टोमण्यात थोडं तथ्य आहे. दोन धाग्यांची नक्षी म्हणजे दुहेरी जाडी. आपल्याकडे दहा वाजता ऊन चढतं आणि पूर्ण नक्षीचा स्वेटर अंगात नको होतो. बिनबाह्यांचा विणा, नक्षी छातीवरच्या पट्ट्यापुरती ठेवा. स्कॉटलंडच्या उत्तरेला फेअर आइल नावाचं बेट आहे, ही वीण त्याच नावाने ओळखली जाते. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने तिथला नक्षीदार स्वेटर घालून गोल्फ खेळला आणि त्याची फॅशन झाली. त्या नक्षीचा नियम सोपा आहे: कितीही रंग दिसोत, एका ओळीत दोनच.

आता तुमचा आवळलेला भाग. एका रंगाचे टाके चालू असतात तेव्हा दुसरा धागा मागून जातो. तो मागचा धागा तुम्ही ओढून घेता, म्हणून पुढचं कापड चुण्या पडून गोळा होतं. जवळजवळ सगळ्यांचंच पहिल्यांदा असं होतं. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे ताजे टाके बोटाने पसरवून घ्या, पूर्ण रुंदीला, आणि मगच नवा धागा घ्या. मागे तो सैल पडला पाहिजे, लोंबकळता नको. पाच-सहा टाक्यांहून लांब धागा जात असेल तर मध्ये एकदा चालू धाग्याखाली अडकवा. नक्षीपुरती सुई एक नंबर जाड घ्या, दहा नंबरच्या जागी नऊ. (आपल्याकडच्या सुयांत नंबर लहान तितकी सुई जाड.) टोपी गोल विणताना काम उलटं करून, म्हणजे आतली बाजू बाहेर ठेवून विणून पाहा; मागच्या धाग्याला बाहेरून लांबचा फेरा पडतो आणि तो आपोआप सैल राहतो. दोन्ही धाग्यांची जागा शेवटपर्यंत बदलू नका. खालून येणारा रंग जास्त उठून दिसतो. मध्येच अदलाबदल झाली की फूल अर्धं ठळक, अर्धं फिकं दिसतं.

तान्ह्या बाळांसाठी विणणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मोज्यांत आणि हातमोज्यांत दुरंगी नक्षी नको. आतल्या धाग्यांत इवलीशी बोटं अडकतात.

स्वेटरला पुन्हा हात घालण्याआधी एक टोपी विणा, म्हणजे हाताचा ताण कळेल. दहा सेंटिमीटरला चोवीस टाके बसत असतील तर मोठ्या माणसाच्या टोपीला १२० टाके घ्या. पन्नास सेंटिमीटर होते आणि छप्पन्नच्या डोक्यावर ताणून नीट बसते. १२० हा आकडा नक्षीला फार सोयीचा, सहाने, आठाने, दहाने, बाराने भाग जातो. नक्षी मोबाइलवरचीच कशाला हवी? आपल्याकडच्या करवतकाठी लुगड्याचा काठ पाहा. करवतीच्या दातांसारखे त्रिकोण, दोनच रंग. सहा टाक्यांचा एक दात धरला तर १२० टाक्यांत बरोबर वीस दात बसतात. आईच्या पेटीत तसं लुगडं असेल तर काठावरून वहीत उतरवून घ्या. टाका उंचीपेक्षा रुंदीला थोडा जास्त असतो, म्हणून वहीत दात जरा उंच काढा, नाहीतर विणल्यावर चपटे दिसतील.

स्वेटर टाकून देऊ नका. नक्षी जिथे सुरू होते त्याच्या खालच्या ओळीतून, सगळ्या टाक्यांतून, दाभणाने वेगळ्या रंगाचा सुती धागा ओवून ठेवा आणि मग वरून तिथपर्यंत उसवा. एकही टाका खाली गळणार नाही. उसवलेल्या लोकरीची लड करा, कोमट पाण्यात भिजवा आणि सावलीत टांगा, खाली हलकं वजन बांधून. नागमोडी गेलेला धागा सरळ होतो. भिजवताना लाल आणि पांढरी लड एका बादलीत घालू नका. लाल धाग्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो लाल या स्वेटरला चालणार नाही, कितीही आवडला असला तरी.